शब्द गेला, सुई राहिली

लंडनमध्ये सॅव्हिल रो नावाचा एक रस्ता आहे. चालायला घेतला तर पाच मिनिटांत संपेल एवढाच. पण पुरुषांच्या उंची सुटाचा विषय निघाला की जगभरचे शौकीन पहिलं नाव याच रस्त्याचं घेतात.

हा रस्ता १७३० च्या दशकात लॉर्ड बर्लिंग्टनच्या जमिनीवर झाला. नाव पडलं त्याच्या बायकोच्या माहेरच्या आडनावावरून. सुरुवातीला इथं लष्करी अधिकारी, राजकारणी असली बडी मंडळी राहायची. त्यांना कपडे शिवून देणारे शिंपी आसपास जमले आणि हळूहळू रस्ताच त्यांचा झाला. १८४६ मध्ये वडिलांमागे दुकान हातात आल्यावर हेन्री पूलने या रस्त्याकडे दर्शनी दार काढलं आणि राजेरजवाडे त्याचे गिऱ्हाईक झाले.

गंमत म्हणजे 'अस्सल इंग्लिश' म्हणून मिरवणारा कोट घडवणारे सगळे इंग्लिश नव्हतेच. फ्रेडरिक शॉल्टे हा कटर मूळचा डच. त्याच्या हाताखाली तयार झालेला पेर अँडरसन स्वीडनचा, आणि त्यानं पुढं स्वतःची पेढी काढली. म्हणजे ही कला कुणाच्या रक्तात नव्हती. कुणीतरी शिकवली, कुणीतरी शिकलं.

आता खरा मुद्दा. या रस्त्याचा लाडका शब्द 'बिस्पोक', म्हणजे एकाच माणसाच्या मापाचा, हातानं कापून-शिवून केलेला सूट. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेनं निकाल दिला की मशिनवर शिवलेल्या मापाच्या सुटालाही हा शब्द वापरता येईल. झालं, शब्द हातचा गेला! २०१२ मध्ये एक मोठा अमेरिकन ब्रँड तिथं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढतोय म्हटल्यावर सूट-बूट घातलेले शिंपी फलक घेऊन रस्त्यावर उतरले. तरी दुकान व्हायचं ते झालंच.

मग हा रस्ता संपला का? नाही. कारण २००४ पासून तिथल्या पेढ्यांची संघटना आहे आणि तिचा नियम कडक आहे: एका सुटाला किमान ५० तास हाताचं काम हवं. महापालिकेनंही शिलाईकामाला जागा राहावी म्हणून नियोजनात खास तरतूद केली. आणि मुख्य म्हणजे शिकाऊ पोरं-पोरी येत राहिल्या. कॅथरिन सार्जंट अशीच शिकत शिकत २००९ मध्ये एका नामांकित पेढीत मुख्य कटर झाली. तिथं त्या जागेवर पोचलेली ती पहिली बाई. २०१६ मध्ये तर तिनं त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं.

माझं मत स्पष्ट आहे. शब्दासाठी भांडायला हवं, जागेसाठी तर हवंच. भाडं परवडलं नाही तर कसली कला आणि कसलं काय. पण नुसता नावाचा फलक वाचवून रस्ता वाचत नाही. मास्तरच्या शेजारच्या स्टुलावर काजं करत बसलेलं कुणीतरी लागतं. ते स्टूल रिकामं झालं की उरतो तो फोटो काढायचा रस्ता.

पुढच्या वेळी आपल्या पेठेतल्या टेलरकडे माप द्यायला जाल तेव्हा एवढंच विचारा, "मास्तर, तुमच्याकडं आता शिकतंय कोण?"