डॉक्टरांचे प्रशिक्षण ही कोणाची जबाबदारी?

हृदय एकाएकी थांबलेल्या माणसाच्या हाती काही मिनिटेच उरतात. विजेचा झटका देऊन ज्याचे हृदय पूर्ववत होऊ शकते, त्याच्या छातीवर कोणी दाब दिला नाही तर प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अशा वेळी डॉक्टर जवळ असणे पुरेसे नाही. छातीवर दाब कसा द्यावा, हे त्याच्या हातांना ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर दोष एकट्या डॉक्टरचा असतो काय?

छाती न उघडता, केवळ दोन हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे १९६० साली बाल्टिमोर येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या विद्येचे नियम संशोधनानुसार बदलत आले आहेत. प्रौढांसाठी पूर्वी पंधरा दाबांमागे दोन श्वास देत. २००५ साली तीस दाबांमागे दोन, असे प्रमाण ठरले. २०१० साली तर क्रमच उलटला. आधी श्वास, मग दाब, ही रीत जाऊन दाब प्रथम आला. २०१५ साली दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर, असे निश्चित झाले. म्हणजे १९९० साली पदवी घेतलेला डॉक्टर तेव्हा शिकलेले आज प्रामाणिकपणे करील, तरी ते कालबाह्य ठरेल. शिवाय हे हातांचे कौशल्य आहे. सराव नसेल तर ते काही महिन्यांतच विसरते.

आपल्याकडे ज्ञान नाही असे नाही. भूलतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठीही केवळ दाबांची सोपी पद्धत सांगितली. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात या सरावाला स्थान आहे. परंतु त्याआधी पदवी घेतलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी प्रामुख्याने आहेत ते शुल्क भरून करावयाचे अभ्यासवर्ग आणि दोन वर्षांनी मुदत संपणारी प्रमाणपत्रे. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरने रजा काढावी, पदरमोड करावी आणि शहर गाठावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे सार्वजनिक कर्तव्य व्यक्तीच्या खिशावर ढकलणे होय.

खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. सरावाचा पुतळा, एक जाणता शिक्षक आणि कामाच्या वेळेतील दोन तास, एवढेच यास लागते. हृदयशस्त्रक्रियेच्या भव्य इमारतींची उद्घाटने होतात. पण रुग्ण तेथवर जिवंत पोहोचावा, याची तजवीज मात्र होत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक सरकारी रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व वाहनचालक यांना दर सहा महिन्यांनी विनाशुल्क सराव मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात डॉक्टरांच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी हा सराव सक्तीचा व्हावा.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. सरावाचा पुतळा आहे काय? शेवटचे प्रशिक्षण केव्हा झाले? झटका देणारे यंत्र चालू स्थितीत आहे काय? उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती घेऊन जिल्हा परिषदेच्या व जिल्हा रुग्णालयाच्या दारी जावे. डॉक्टरला दोष देण्यासाठी नव्हे, तर त्याला शिकण्याची संधी मिळावी, यासाठी.