आभासी शाळा आणि खरी हजेरी

वर्गात मूल बसले आहे की नाही, हे पाहण्यासाठी शिक्षकाला केवळ मान वर करावी लागते. अमेरिकेतील ओहायो राज्यात मात्र ‘विद्यार्थी शाळेत आहे, म्हणजे नेमके काय?’ हा प्रश्न थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ ही २००० साली स्थापन झालेली, केवळ संगणकावर चालणारी शाळा. पंधरा हजारांहून अधिक पट दाखवून ती सार्वजनिक निधी घेत होती. २०१५-१६ या वर्षाचे दप्तर शिक्षण खात्याने तपासले, तेव्हा पूर्णवेळ शिक्षणाचा पुरावा मिळाला तो जेमतेम ६,३०० विद्यार्थ्यांचा. त्यावर शाळेचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. वर्षाकाठी ९२० तासांच्या अध्ययनाची संधी ‘उपलब्ध करून देणे’ एवढेच कायद्याने बंधनकारक आहे. ती संधी विद्यार्थ्याने घेतली की नाही, याच्याशी अनुदानाचा संबंध नाही! न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. तत्पूर्वीच, जानेवारी महिन्यात, ऐन शैक्षणिक वर्षात शाळेला टाळे लागले होते आणि सुमारे बारा हजार विद्यार्थी रस्त्यावर आले होते. रस्त्यावर हा शब्दही येथे चुकीचाच. ते घरीच होते, शाळा तेवढी नाहीशी झाली.

एवढ्यावरून आभासी शाळा ही कल्पनाच त्याज्य ठरवणे मात्र उतावीळपणाचे होईल. या कल्पनेचा उगम नफेखोरीत नाही, तो सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेतच आहे. अमेरिकेत शालेय शिक्षणाचा कारभार सुमारे तेरा हजार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ पाहतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीशी त्यांचे वरवरचे साम्य आहे. पण बहुतेक ठिकाणी त्यांचे मंडळ लोकनियुक्त असते, शाळांसाठी स्थानिक मालमत्ता कर मिळतो आणि राज्याकडून विद्यार्थिसंख्येनुसार पैसा येतो. याच चौकटीत फ्लोरिडातील ऑरेंज आणि अलाचुआ या दोन डिस्ट्रिक्टनी १९९७ साली आभासी माध्यमिक शाळा उभी केली. हाती होते राज्याने दिलेले दोन लाख डॉलरचे अनुदान. ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ या नावाने ती पुढे राज्यभर पोहोचली. गावातल्या शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षक नाही, आजारपणामुळे वर्ष बुडाले आहे, एखादा विषय पुन्हा पूर्ण करायचा आहे, अशा विद्यार्थ्यांना तिचा आधार मिळाला.

या शाळेची खरी शिस्त संगणकात नाही, हिशेबात आहे. फ्लोरिडाने तिच्यासाठी नियम केला तो असा की, पैसा नावनोंदणीवर मिळणार नाही, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला तरच मिळेल. त्यामुळे गळालेला प्रत्येक विद्यार्थी हा शाळेचाच तोटा ठरला. शिक्षकांनी विद्यार्थ्याशी आणि त्याच्या पालकांशी नियमित दूरध्वनीवर बोलावे, लेखी उत्तर खरोखर त्याचेच आहे का, हे तोंडी प्रश्न विचारून पडताळावे, ही पद्धत तेथे रुजली. पुढे या संस्थेच्याही कारभारावर बोट ठेवले गेले आणि २०१९ मध्ये विधिमंडळाने तिची सूत्रे राज्य शिक्षण मंडळाकडे दिली, हेही नोंदवले पाहिजे. परंतु दोष दिसताच सार्वजनिक सत्ता तेथे हात घालू शकली, हेच महत्त्वाचे.

मॅसॅच्युसेट्समधील हडसन या छोट्या गावाच्या डिस्ट्रिक्टने एका संशोधन संस्थेच्या साहाय्याने याच सुमारास वेगळी वाट चोखाळली. तेथे व्यवहार सहकाराचा होता. सहभागी शाळेने आपला एक शिक्षक एका आभासी वर्गासाठी द्यायचा. मोबदल्यात तिच्या विद्यार्थ्यांना इतर शाळांच्या शिक्षकांच्या वर्गांत जागा मिळायच्या. शिवाय शिक्षकाला वर्ग हाती देण्यापूर्वी काही महिन्यांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. फळ्यासमोर उत्तम शिकवणारा शिक्षक पडद्यावरही तसेच शिकवील, हा समज तेथे प्रारंभीच बाजूला ठेवण्यात आला. महाराष्ट्रात सहकाराची परंपरा मोठी. पण शिक्षक सहकाराने वाटून घेण्याची ही कल्पना येथे कुणाला सुचली नाही, याचे नवल वाटते.

पेनसिल्व्हेनियात मात्र चित्र निराळे झाले. तेथे २००० च्या सुमारास ‘सायबर चार्टर’ शाळा निघाल्या. या डिस्ट्रिक्टच्या नियंत्रणाबाहेरच्या, पण त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत आपल्या गावच्या मुलाचे नाव दाखल झाले, हे डिस्ट्रिक्टला कळायचे ते बिल आल्यावर. काही मुले तर त्या डिस्ट्रिक्टच्या शाळेची पायरी कधी चढलेलीही नव्हती. बिलाची रक्कम आभासी शाळेच्या खर्चावर ठरत नसे, डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या दरडोई खर्चावर ठरे. म्हणजे तोच पडदा, तोच पाठ, तोच शिक्षक. परंतु राज्यातील पाचशे डिस्ट्रिक्टकडून पाचशे निरनिराळे दर! इमारत नाही, बस नाही, तरीही इमारत आणि बस असलेल्या शाळेइतकेच शुल्क. एका वर्गातील दोन मुले गेली, तर वर्गाचा खर्च कमी होत नाही, शिक्षक तोच राहतो, खोली तीच राहते; पैसा मात्र जातो. न्यायालयीन लढे झाले. राज्याने २००२ मध्ये कायदा करून परवानगीचा अधिकार आपल्याकडे घेतला, पण दराचा तिढा पुढे दोन दशके रेंगाळला.

अखेर अनेक डिस्ट्रिक्टनी शहाणपणाचा मार्ग धरला आणि स्वतःचीच आभासी शाळा काढली. ती चालवण्याचा खर्च बाहेर भराव्या लागणाऱ्या शुल्काच्या तुलनेत कमी येतो आणि मूल आपल्याच पटावर राहते. आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळेत येणे, संध्याकाळी शाळेच्या संघातून खेळणे, अडचण आली तर गावातच शिक्षकाला भेटणे शक्य होते. पडद्यावर जमत नाही असे दिसले, तर त्याच मुलाला पुन्हा वर्गात बसवता येते. तयार अभ्यासक्रम एखाद्या कंपनीकडून विकत घेतला तरी शिक्षक आपला असावा, ही काळजी मात्र घ्यावी लागते. जेथे तीही उसनी आणली गेली, तेथे डिस्ट्रिक्टचे नाव फक्त पाटीवर उरले.

या साऱ्यात ज्याची गणना कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही, तो घटक म्हणजे घरातील आई. प्राथमिक वर्गातील आभासी शाळा प्रत्यक्षात तीच चालवते. अमेरिकेत तिला ‘लर्निंग कोच’ असे भारदस्त नाव दिले गेले आहे; वेतन अर्थातच नाही. ज्या घरात दोघेही कामावर जातात, तेथे सात वर्षांचे मूल पडद्यासमोर एकटे उरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८० दिवसांच्या शालेय वर्षात ही मुले वाचनात ७२ दिवसांनी आणि गणितात तब्बल १८० दिवसांनी मागे पडल्याचे त्यात आढळले. डिस्ट्रिक्टच्या आभासी शाळांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे न्याय्य नाही. पण गणिताचे अख्खे वर्ष वाया जाते, हे वाचून कोणत्याही पालकाची झोप उडावी.

भारतात हा विषय परका राहिलेला नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एका भ्रमणध्वनीवर तीन भावंडांचे तीन वर्ग भरलेले घराघरांनी पाहिले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ऑनलाइन शिक्षणाची दखल घेतली, पण आधी प्रायोगिक अभ्यास करा, असेही बजावले. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली सरकारने आभासी शाळा सुरू केल्याची घोषणा केली आणि लगोलग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, आपली आभासी शाळा २०२१ पासूनच चालू आहे, असे सांगितले. पहिला मान कुणाचा, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. हजेरी कोण घेणार, एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असणार, मध्येच गळालेल्या मुलाच्या दारी कोण जाणार, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

महाराष्ट्रात हे प्रश्न अधिक टोकदार आहेत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ मध्ये मागवले, तेव्हा वाड्या-वस्त्यांतून अस्वस्थता पसरली. उद्या एखाद्या अधिकाऱ्याला पडदा हा स्वस्त पर्याय वाटणार नाही, याची शाश्वती काय? दोन शिक्षकी शाळेत इंग्रजीचा किंवा विज्ञानाचा तिसरा शिक्षक पडद्यावरून आला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. हडसनने तेच केले. मात्र त्या दोघांना हलवून केवळ पडदा ठेवला गेला, तर वस्तीवर रोज सकाळी मुलांची नावे पुकारणारे कुणीच उरणार नाही. जिल्हा परिषदेने अशी शाळा काढायची झाली, तर तिचे शिक्षक तिच्याच सेवेतील असावेत, निधी पूर्ण झालेल्या अभ्यासाशी जोडलेला असावा आणि सलग तीन दिवस न दिसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी चौथ्या दिवशी कोण जाणार, त्याचे नाव पहिल्याच शासन निर्णयात लिहिलेले असावे.