वर्षभर न लागलेलं फेका म्हणे!

घर आवरायचे व्हिडिओ हल्ली घरोघर बघतात. नियम काय, तर वर्षभर हात लागला नाही ती वस्तू फेका. अहो, आमची मोठी ताडपत्री अवकाळी आला तरच निघते. मग ती पण फेकायची का?

मीही त्या नादाला लागलो. पेरणी उरकली तशा सोयाबीनच्या रिकाम्या पिशव्या टॅगसकट जाळल्या. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये होता, तो 'शुभ सकाळ'च्या शेकडो फोटोंबरोबर उडवला. दहा दिवसांनी बघतो तर निम्मी तासं मोकळी! तक्रार करायला गेलो तर पहिलाच प्रश्न, "बिल, टॅग कुठंय?" मी गप्प. दुबार पेरणी स्वतःच्या खिशातून.

शहरातला नियम शहरात ठेवा. आपण एवढंच बघायचं, ही वस्तू उद्या पुरावा म्हणून लागेल का?

पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बियाणं काढणीपर्यंत एका डब्यात ठेवा. बिलाची शाई उडते, म्हणून फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, घरात आणखी एकाला पाठवा. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद करा. आणि आवरायची एवढीच हौस असेल तर धान्याशेजारी ठेवलेली फवारणीची औषधं आधी हलवा. ती नाही कुणाला दिसत!

यंदाचं बियाण्याचं बिल कुठंय, सांगता येईल? आज रात्री जेवायच्या आधी शोधा.