'जेवायलो' म्हणता येतं, मग स्पॅनिश अवघड कशी?

फोनवर कुणी विचारतं, "काय करायलास?" आपण म्हणतो, "जेवायलो." या दोन वाक्यांत 'तू' नाही की 'मी' नाही. तरी कोण जेवतंय ते बरोबर कळतं, कारण क्रियापदाच्या शेवटातच ते आलेलं असतं. स्पॅनिश शिकताना नेमकी हीच गोष्ट कामाला येते, आणि नेमकी तीच आपण विसरतो.

सध्या बऱ्याच रूममध्ये मोबाईलवर स्पॅनिश शिकणं चालू आहे. चांगलंच आहे. स्पेन धरून २० देशांचा कारभार या भाषेत चालतो. पण आठ दिवसांत क्रियापदांचा तक्ता समोर येतो आणि गडी अडतो. "आपलं इंग्लिशच कच्चं, स्पॅनिश कुठून येणार?" असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते दोष डोक्याचा नाही, रस्त्याचा आहे. आपण स्पॅनिशला इंग्लिशमार्गे निघालोय.

'बोलणे' घ्या. स्पॅनिशमध्ये 'आब्लार'. लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, पण तो उच्चारत नाहीत. 'बोलणे'मधला 'णे' काढतो तसा शेवटचा 'आर' काढा आणि प्रत्यय लावा:

(मी) बोलतो – आब्लो
(तू) बोलतोस – आब्लास
(तो) बोलतो – आब्ला
(आम्ही) बोलतो – आब्लामोस
(तुम्ही) बोलता – आब्लाइस
(ते) बोलतात – आब्लान

मराठी व्याकरणात डावीकडच्या रूपांना 'ताख्यात' म्हणतात. उलट आपलंच जास्त अवघड आहे. मुलगा 'बोलतो', मुलगी 'बोलते'. स्पॅनिशमध्ये दोघंही 'आब्लो'च म्हणतात. शिवाय लॅटिन अमेरिकेत 'आब्लाइस' वापरत नाहीत, 'तुम्ही सगळे' म्हणतानाही 'आब्लान'च. म्हणजे तिथे पाच रूपांत काम भागतं.

इंग्लिशमध्ये 'स्पीक'ला एकाच ठिकाणी 'एस' लागतो, म्हणून 'आय', 'यू', 'दे' म्हणावंच लागतं. त्या सवयीने आपण प्रत्येक वाक्यात 'यो आब्लो' म्हणत बसतो. ते चूक नाही, पण 'मी'वर उगाच जोर येतो. नुसतं 'आब्लो' पुरे, 'जेवायलो' पुरतं तसं.

मान द्यायची रीतही ओळखीची आहे. मित्राला तिकडेही 'तू'च म्हणतात! मोठ्यांना 'उस्तेद', आणि त्याला तृतीय पुरुषाचं रूप, 'आब्ला'. आपण नाही का सरांनाच विचारत, "सर चहा घेणार का?"

मराठी सगळीकडे साथ देते असंही नाही. 'मी भात खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', इथे आपलं क्रियापद ताटाकडे बघून बदलतं. स्पॅनिशमध्ये भात असो की पोळी, 'मी खाल्लं'ला 'कोमी'च. तिथे सावध राहा.

राहिला प्रश्न पाठांतराचा. नुसता तक्ता घोकू नका, त्याच दिवशी वापरा. 'एस्तुदियार' म्हणजे अभ्यास करणे, 'त्राबाखार' म्हणजे काम करणे. दोन्हींना हेच प्रत्यय. आज रात्री रूम पार्टनरला विचारा, "एस्तुदियास?" तो खरं बोलला तर म्हणेल, "नो, आब्लो."

शिक्षकांनाही एक विनंती. परकीय भाषा असो की इंग्लिश, फळ्यावर आधी मराठीचं रूप लिहा, शेजारी नवीन भाषेचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुरुष आणि वचन शिकून आलेला मुलगा इंग्लिशच्या तासाला मान खाली घालून बसतो, कारण त्याला जे येतं ते तिथे कुणी विचारतच नाही. त्याच्याकडे सहा रूपांचा हिशेब लहानपणापासून तयार आहे. त्याला फक्त एवढं सांगायचं आहे, की बाबा, हे तुला येतं.