आजीच्या हातची कला



हा अंक घराघरांतल्या आज्यांना अर्पण करताना मन भरून आलं आहे.

माझी आजी गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, आजोबांची विरलेली धोतरं, आम्हा नातवंडांचे आखूड झालेले सदरे ती धुऊन, उसवून गाठोड्यात बांधून ठेवायची. दुपारची झाकपाक उरकली की ओसरीवर लुगडं अंथरून ताणायची, वर तुकडे मांडायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायची. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, हे ती बराच वेळ न्याहाळून ठरवायची. घरात बाळ जन्मलं की पहिलं दुपटं तिच्याच हातचं. तिला कुणी कधी कलावंत म्हटलं नाही. ती कलावंतच होती.

बहिणाबाई चौधरींची गाणीही जात्यावर, शेतात, संसाराच्या रामरगाड्यातच जन्मली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. घरच्यांनी कान दिला नसता, तर मराठी कविता केवढ्या ठेव्याला मुकली असती!

आपली आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसा. तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करा, तिचा टाका शिकून घ्या, तिच्या रांगोळ्यांचे फोटो काढून त्याखाली तिचं नाव लिहा. आजी नसेल, तर आठवतं ते आम्हाला लिहून पाठवा. या पानांवर त्याला मानाची जागा आहे.

– संपादक