डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी प्रत नव्हे

घरात नवा संगणक घ्यायचा म्हटला की सगळी चर्चा प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांभोवती फिरते. डिस्कचा विषय निघतो तो अगदी शेवटी, दुकानदार विचारतो तेव्हा : ‘पार्टिशन किती पाडू?’ ग्राहक बहुधा ‘तुम्हीच बघा’ म्हणून मोकळा होतो. मग कुणाला एकच सी ड्राइव्ह मिळतो, तर कुणाला सी, डी, ई, एफ असे चार सारखे तुकडे. पुढची पाच-सात वर्षे घरातली कागदपत्रे, छायाचित्रे आणि हल्ली वैद्यकीय अहवालही दोन मिनिटांत झालेल्या या निर्णयावर विसंबून राहतात.

यातले वैद्यकीय अहवाल सर्वात दुर्लक्षित असतात. पूर्वी रुग्ण बाह्यरुग्ण विभागात यायचा तो हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. तिच्यात जुने केसपेपर, एक्स-रे, ईसीजीच्या पट्ट्या, डिस्चार्ज कार्ड असे सगळे कोंबलेले असे. आता रक्ताचा अहवाल पीडीएफ होऊन फोनवर येतो, एमआरआयची सीडी मिळते, आणि मुले हे सगळे घरच्या संगणकावर टाकून देतात. पिशवी हरवली तर घरात कुणाच्या तरी लक्षात येते. संगणकातला फोल्डर गेल्याचे कळते ते मात्र डॉक्टर ‘जुने रिपोर्ट आणलेत का?’ असे विचारतात तेव्हाच.

हा प्रश्न उपचार नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसावर लहानसा गोल डाग दिसला तर मनात पहिली शंका कर्करोगाची येते. पण तोच डाग तीन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्येही तेवढाच दिसत असेल, तर तो निरुपद्रवी असण्याची शक्यता खूप वाढते आणि पुढच्या अनेक तपासण्या, कधी सुईने तुकडा काढणेही, टळू शकते. रक्तातले क्रिएटिनिन १.८ आले, तर ते गेली दोन वर्षे तेवढेच आहे की गेल्या महिन्यात ०.९ होते, यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या रुग्णाचा आजार जुना असतो, दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला नुकताच काहीतरी धक्का बसलेला असतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या ईसीजीतला बदल जुना की आजचा, हे जुनी पट्टी समोर असेल तर मिनिटभरात कळते. एखाद्या औषधाची गंभीर ॲलर्जी पूर्वी झाली होती, ही नोंद तर जीवच वाचवू शकते.

रुग्णालयाकडे हे सगळे असेलच, अशी अनेकांची समजूत असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले होते. आजार मात्र तीस वर्षे सोबत करतात. ईसीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, ती काही वर्षांत फिकी पडते. सीडीवर ओरखडे पडतात, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच उरलेली नाही. म्हणजे बऱ्याच घरांत आजारपणाचा इतिहास आता फक्त घरच्या डिस्कवर असतो. त्यामुळे तिची आखणी दुकानदारावर सोपवून चालणार नाही.

चार-पाच तुकडे पाडण्याच्या सवयीला इतिहास आहे. आयबीएमचा १९८३ सालचा पीसी एक्सटी १० एमबीच्या डिस्कसह आला. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून डिस्कला सी मिळाले. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांना ३२ एमबीहून मोठा भाग हाताळता येत नसे, पुढे ही मर्यादा २ जीबीवर गेली. डिस्क त्याहून मोठी असेल तर तिचे तुकडे करण्यावाचून इलाज नव्हता. ती अडचण केव्हाच संपली, सवय मात्र राहिली. आज डिस्कचे पाच तुकडे केले तर फायदा काहीच नाही. उलट एका भागात जागा संपते, दुसरा रिकामा पडून राहतो, आणि कोणती फाइल कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही.

घरच्या संगणकाला दोन भाग पुरतात. विंडोज आणि प्रोग्रॅम सी मध्ये, घरच्या माणसांचे जे काही आहे ते डी मध्ये. ही विभागणी एकाच प्रश्नावर करावी : हे गेले तर पुन्हा मिळेल का? विंडोज पुन्हा टाकता येते, प्रोग्रॅम पुन्हा उतरवता येतात. वडिलांचा २०१६ चा एक्स-रे पुन्हा काढता येत नाही. संगणक बिघडला की दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारतो’ म्हणजे बहुधा सी पुसून विंडोज नव्याने टाकतो. अशा वेळी डी शाबूत राहतो. वेगळ्या पार्टिशनचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

आकड्यांत सांगायचे तर ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते. यात कोणी फसवलेले नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते, पण अद्ययावतीकरणे आणि प्रोग्रॅम धरून सी ला दीडशे ते दोनशे जीबी द्यावेत, बाकीचे डी ला. वैद्यकीय कागदांना फारशी जागा लागत नाही. सीटी स्कॅनमधला एक छेद साधारण अर्धा एमबी असतो. पाचशे छेदांचा पूर्ण स्कॅन अडीचशे एमबीत बसतो. रक्ताचे अहवाल तर त्यापुढे किरकोळ. घरातल्या चौघांचा अनेक वर्षांचा वैद्यकीय इतिहास एखाद्या मोठ्या व्हिडिओ गेमपेक्षा कमी जागेत मावतो.

लॅपटॉप एकाच सी सह आला असेल, तर विंडोजमधल्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी आकसवून मोकळ्या जागेत डी करता येतो. हे काम पहिल्याच दिवशी, डिस्क रिकामी असताना करावे. तिथे काही लहान, अक्षर नसलेले भागही दिसतील. संगणक सुरू होण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी ते लागतात, त्यामुळे जागा वाचवायला म्हणून ते पुसू नयेत. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्कवरची माहिती आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाचा ४८ अंकी क्रमांक कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. तो नसेल, तर बिघडलेल्या लॅपटॉपची डिस्क दुसरीकडे जोडूनही वाचता येत नाही.

यानंतर येतो तो बहुतेकांना चकवणारा भाग. डी ड्राइव्ह असतो, पण रिकामा. कारण विंडोज ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर सी मध्येच ठेवते, आणि माणसे समोर दिसणाऱ्या डेस्कटॉपवर सगळे टाकत राहतात. दुरुस्तीवाला ‘डी ला हात लावलेला नाही’ असे सांगतो, ते खरेही असते, आणि तरी सगळे गेलेले असते. या फोल्डरांच्या गुणधर्मांत जाऊन त्यांची जागा डी मध्ये हलवता येते. निदान वैद्यकीय कागदांसाठी डी मध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर करावा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तपासणी लिहावी. म्हणजे मध्यरात्री आजीला घेऊन धावपळ करताना नातवालाही नेमकी पट्टी सापडेल.

एवढे करून बरेच जण निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. पार्टिशन ही एकाच डिस्कवर मारलेली रेघ आहे. घरात भिंत घालून दोन खोल्या केल्या म्हणून घरे दोन होत नाहीत; छप्पर कोसळले तर दोन्ही खोल्या जातात. हार्ड डिस्क कधी कधी आवाज करून इशारा तरी देते, एसएसडी अनेकदा काहीच न सांगता बंद पडते. लॅपटॉप चोरीला गेला की सी आणि डी एकदमच जातात. खंडणीखोर विषाणू तर कोणतेही अक्षर पाहत नाहीत, हाती लागेल ते कुलूपबंद करतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली कितीतरी रुग्णालये अडवली, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधली संगणकसेवा अशाच हल्ल्याने कोलमडली आणि बरेच दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. एवढ्या मोठ्या यंत्रणांची ही गत होते, तर घरच्या संगणकाने कशाच्या भरवशावर राहायचे?

म्हणून नव्या संगणकाच्या अंदाजपत्रकातच एका बाहेरच्या डिस्कचा खर्च धरायला हवा. रॅम थोडी कमी घ्यावी लागली तरी चालेल. महिन्यातून एकदा डी मधला महत्त्वाचा भाग तिच्यावर उतरवावा आणि लगेच वायर काढून डिस्क कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत विषाणूही पोहोचतो. आणखी एक प्रत घराबाहेर असावी, बहिणीच्या किंवा मुलाच्या घरी चालेल. इंटरनेटवरच्या साठवणुकीचा पर्यायही चांगला आहे, पण तिथे इकडची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाण्याची व्यवस्था बऱ्याचदा असते. शिवाय आजाराची माहिती खासगी असते, तेव्हा पासवर्ड नीट हवा आणि तो घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक हवा. आजारी माणूस बेशुद्ध असताना पासवर्ड सांगू शकत नाही.

आभा क्रमांकाने हे काम संपते, असेही नाही. त्या व्यवस्थेत नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडे राहतात, क्रमांक त्यांना फक्त जोडतो. त्या व्यवस्थेत न जोडलेल्या दवाखान्याची चिठ्ठी किंवा जुनी फिल्म तिथे आपोआप उगवत नाही.

ही जबाबदारी एकट्या रुग्णावर ढकलणेही योग्य नाही. रुग्णालयांनी सीडीबरोबर फाइल डाउनलोड करण्याची सोय द्यावी, आणि दुकानदारांनी पार्टिशनची संख्या विचारण्याआधी ‘दुसरी प्रत कुठे ठेवणार?’ हे विचारावे. पण तोवर घरातच एक सोपी परीक्षा घेता येते. या रविवारी बाहेरची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडावी आणि आईचा शेवटचा ईसीजी उघडून पाहावा. तो उघडला तर आखणी बरोबर आहे. उघडला नाही, तर ड्राइव्ह किती आहेत हे मोजून काही उपयोग नाही.