'फेअर पॉइंट, बट...' : काय मान्य करायचं आणि काय नाही

रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की तासभर इंग्रजी बोलायचा सराव चालतो. मागच्या महिन्यात एम.एस.डब्ल्यू. करणारा एक मुलगा तोंड पाडून आला. एका संस्थेच्या ग्रुप डिस्कशनमध्ये कुणीतरी म्हणालं, गरिबी सगळ्याच जातींत आहे, आरक्षण आर्थिक निकषावर द्या. याने ताडकन उत्तर दिलं, 'नो, यू आर टोटली राँग.' त्यापुढे मांडलेला मुद्दा चोख होता. पण निवड झाली नाही, आणि कारण कानावर आलं ते 'अॅग्रेसिव्ह'.

हा शिक्का आपल्याला नवा नाही. त्यांचा मुलगा आवाज चढवतो तेव्हा तो 'पॅशनेट' असतो, आपला चढवतो तेव्हा 'अॅग्रेसिव्ह'. या पूर्वग्रहावर बोललंच पाहिजे. पण त्या दिवशी मी त्या मुलाची नुसती पाठ थोपटून थांबलो नाही. इंग्रजीत असहमती दाखवण्याची एक रीत आहे. ज्यांच्या घरात जेवतानाही इंग्रजी बोललं जातं त्यांना ती फुकट मिळते, आपल्याला ती शाळेतसुद्धा कुणी शिकवली नाही. बुर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते हेच.

रीत साधी आहे. समोरच्याच्या बोलण्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करायचं, मग वळायचं. 'दॅट्स अ फेअर पॉइंट, बट...', 'आय टेक युवर पॉइंट, बट...', 'दॅट मे वेल बी ट्रू, बट...'. यात खाचखळगे आहेत. 'आय हिअर यू' म्हणजे फक्त ऐकलं, मान्य काहीच नाही. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' सगळ्यांत नम्र वाटतं, पण इंग्रजीत मुरलेल्या माणसाला ते ऐकताच कळतं की आता दणका बसणार. 'फेअर इनफ' म्हणून गप्प बसलात तर तुम्ही मुद्दा सोडला असा अर्थ होतो. आणि 'आय कम्प्लीटली अॅग्री, बट' कृपया म्हणू नका. पूर्ण सहमत असाल तर 'बट' कशाला?

ही लाचारी नाही का, असं काही कार्यकर्ते मला विचारतात. मान्य काय करता, त्यावर ते ठरतं. त्या मुलाला म्हणता आलं असतं, 'इट्स ट्रू दॅट देअर इज पॉव्हर्टी इन एव्हरी कास्ट. बट रिझर्वेशन इज अबाउट रिप्रेझेंटेशन.' गरिबी सगळीकडे आहे हे वास्तव मान्य. आरक्षण ही गरिबी हटवण्याची योजना आहे हे गृहीतक अमान्य. संविधानाचं कलम 16(4) पुरेसं प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गाबद्दल बोलतं, त्यात गरिबीचा शब्दही नाही. आर्थिक निकषावरचं 10 टक्के आरक्षण तर 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने आलेलंच आहे, आणि त्यातून एससी, एसटी, ओबीसींमधले गरीब वगळलेले आहेत. मग सगळ्या जातींतल्या गरिबीची काळजी नक्की कुणाला आहे, हा प्रश्न हसतमुखाने परत करता येतो. वास्तव मान्य करा, गृहीतक मान्य करू नका.

हेच हत्यार आपल्यावरही चालतं. 'कास्ट इज बॅड, आय अॅग्री, बट मेरिट...' हे वाक्य किती वेळा ऐकलंय! त्यातली कबुली पोकळ असते. तिथे शांतपणे विचारायचं, 'व्हॉट एक्झॅक्टली डू यू अॅग्री विथ?' बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

खरी कबुली कशी असते ते पाहायचं असेल तर बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण काढा. कामत, के. टी. शाह, कुंझरू अशा सतत विरोध करणाऱ्या सदस्यांची त्यांनी नावं घेतली. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही असं सांगितलं, आणि संविधानातली तत्त्वं उलगडून मांडायची संधी त्यांच्यामुळे मिळाली म्हणून आभार मानले. एकही मुद्दा न सोडता! त्याला कोण लाचारी म्हणेल?

आपल्या परंपरेत तर ही गोष्ट फार जुनी आहे. मिलिंद राजा नागसेनाला चर्चेला बोलावतो तेव्हा नागसेन अट घालतो की पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजांसारखा करणार असशील तर नाही. पंडित एकमेकांच्या चुका दाखवतात, आपली चूक कबूल करतात आणि रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात.

पुढच्या रविवारी जोड्या लावल्या आणि त्या मुलाला मुद्दाम आरक्षणविरोधकाची बाजू दिली. समोर बारावीतली एक मुलगी होती. ती 'दॅट्स अ फेअर पॉइंट, बट...' म्हणाली आणि अडकली. सगळे हसले, तीही हसली. तिसऱ्या खेपेला तिने 103 व्या दुरुस्तीचा प्रश्न असा काही विचारला, की हा गडी 'आय हिअर यू' म्हणून चहा आणायला उठला.